घरातलं पहिलं शिक्षण आणि शिष्यवृत्ती: मागच्या मुलांना तुम्ही कशी मदत करता?

घरात कॉलेजला गेलेलं कुणीच नसताना शिष्यवृत्ती मिळवलेले, आणि आता मागच्या मुलांना ती मिळवून देणारे, अशा सगळ्यांनी इथे लिहावं. योजनांच्या याद्या नकोत. नेमकं कुठे अडलं आणि तुम्ही आता पुढच्याला काय सांगता, एवढं लिहा.

सुरुवात मी करते. मी बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं योजनेत बसतात. घोडं अडतं ओटीपीवर. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आधारने नोंदणी करताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो, आणि कित्येक घरांत सगळ्यांच्या आधारला एकच नंबर असतो, वडिलांचा. टोळी निघाली की तो फोन कर्नाटकात नाहीतर कोल्हापूरकडे फडात. वडील मोळ्या वाहत असतात, रेंज नसते, आणि ओटीपी काही मिनिटांत बाद होतो. इकडे पोरगी नेट कॅफेत नुसती बसून राहते. म्हणून आम्ही काही जणी पोळा झाला की वस्तीवर जाऊन बसतो. आधी मुलीच्या आधारला तिच्या हाताशी राहील असा नंबर, मग उत्पन्नाचा दाखला, मग वडिलांची सही लागणारे सगळे कागद. निबंध, मुलाखत हे सगळं त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका, अगदी कळकळीनं सांगते.

लिपिक, महाविद्यालयाचा शिष्यवृत्ती विभाग

ताई, पटलं. माझी एक भर. अर्ज भरला की काम झालं असं मुलांना वाटतं. एखादा दाखला नीट दिसत नसेल तर आम्ही अर्ज दुरुस्तीला परत पाठवतो, आणि मुलगा पोर्टल पुन्हा उघडतच नाही. मुदत निघून जाते. दर आठवड्याला लॉगिन करायला लावा त्यांना.

दुसरं, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन खाती असतील तर जे सगळ्यात शेवटी जोडलं त्यात. एका मुलानं शिष्यवृत्ती आलीच नाही म्हणून शिक्षण सोडायची तयारी केली होती. रक्कम त्याच्या दुसऱ्याच बँकेतल्या, विसरलेल्या खात्यात पडून होती. मी स्वतः पहिल्या पिढीतला, त्यामुळे खिडकीपलीकडचं पोर काय विचारायला घाबरतंय ते मला ओळखता येतं.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, माण तालुका

आमच्याकडे सुरुवात आठवीत होते, एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय, दोन्ही पेपर 90 प्रश्नांचे. मी शिकवते ते ठीकच, पण गेल्या खेपेला निवड झालेली मुलगी शनिवारी शाळा सुटल्यावर आठवीच्या मुलांना संख्यामालिका शिकवते, ते त्यांना जास्त कळतं. ती कुठे अडली होती ते तिला अजून आठवतं. तिची आई मेंढरांमागे फिरते. आता तीच मुलगी नववीतल्यांना बजावते की निवड झाली तरी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आणि दर वर्षी नूतनीकरण.

मूळ अमरावती जिल्हा, सध्या स्कॉटलंड

मी परदेशी शिष्यवृत्त्यांचे निबंध वाचते. एक नियम पाळते: प्रश्न विचारायचे, वाक्यं लिहून द्यायची नाहीत. धारणीकडची एक मुलगी सार्वजनिक आरोग्य शिकायला निघाली होती. निबंधात सगळं गुळगुळीत, कुणाचंही चालेल असं. लहानपणी आजीला दवाखान्यात कोण न्यायचं, एवढंच विचारलं. मग कळलं की डॉक्टरांचं मराठी आजीला आणि आजीचं कोरकू डॉक्टरांना तीच सांगायची, पुढे गावातल्या इतर बायकांसाठीही. हे तिला लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं! आपल्या मुलांना केलेलं काम काम वाटत नाही. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा अनुभव लागतो, त्यात स्वयंसेवी आणि बिनपगारी इंटर्नशिपही धरतात, हे कितीजणांना ठाऊक असतं? यवतमाळमधून राजू केंद्रे यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था हेच काम संघटितपणे करते, ते स्वतःही पहिल्या पिढीतले आणि चिव्हनिंगवर लंडनला शिकलेले. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या 75 जागांसाठी मात्र आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात हवा. ते अर्ज आदल्या वर्षीच सुरू करा.

नांदेड, एम.ए.

वसतिगृहाच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर मुलं सरळ गावाकडची एसटी धरतात. माझ्याबरोबरचे दोघे तसेच गेले, परत आले नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. आदिवासी मुलांसाठी स्वयम आहे. वसतिगृह मिळालं नाही तर बाहेर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. त्यामुळे यादी लागते त्या दिवशी मी फाटकाशी थांबतो. हिरमुसलेला चेहरा दिसला की आधी चहा पाजतो, मग भाड्याच्या खोलीचा करार कसा करायचा आणि घरमालकाकडून काय लिहून घ्यायचं ते सांगतो. यंदा कुणी नांदेडला येणार असेल तर आधी कळवा, खोलीसुद्धा बघून ठेवू.