मदत हवी आहे : एकाच दृष्टिभ्रमाने मुले कमी-अधिक का फसतात, आणि हा फरक मोजावा कसा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गाच्या फरशीवर मी सारख्या लांबीच्या दोन तुराट्या ठेवल्या. एकीच्या टोकांशी पऱ्हाटीच्या काड्या बाणासारख्या आत वळवून लावल्या, दुसरीच्या टोकांशी बाहेर फाकवून. जर्मन संशोधक म्युलर-लायर यांनी १८८९ साली दाखवलेली ही आकृती आहे. फाकलेल्या टोकांची तुराटी बहुतेकांना लांब दिसली, पण कोणाला बोटभर, तर कोणाला चार बोटे. बकऱ्या राखायला जाणारा एक मुलगा मात्र ‘दोन्ही सारख्याच आहेत’ या उत्तरावरून हलला नाही.

माझे कोडे त्याच्यापासून सुरू होते. ब्रिटिश संशोधक रिव्हर्स यांना १८९८ च्या मोहिमेत ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीतील मरे बेटावरचे लोक, आणि पुढे निलगिरीतील तोडा लोक, या आकृतीला इंग्रजांपेक्षा कमी फसताना आढळले होते. सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या संशोधकांनी १९६६ साली अशा फरकाचा संबंध काटकोनी भिंती-दारांत वाढण्याशी जोडला. आमच्याकडे कुडाच्या घरांतली मुलेही फसली आणि हा मुलगा तर स्लॅबच्या घरात राहतो. शिवाय दिल्लीच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेचच हा भ्रम झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे केवळ सवयीचे कारण मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी बसून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की उत्तर देण्याआधी तो एक डोळा मिटतो आणि दोन्ही अंगठे पुढे धरून टोकांच्या काड्या झाकतो. म्हणजे त्याच्या डोळ्यांना भ्रम होतच नाही, की त्याने नुसती तुराटी पाहण्याची युक्ती शोधली आहे? या दोन गोष्टी वहीत एकाच रकान्यात लिहिणे मला चुकीचे वाटते.

आता पुठ्ठ्याची सरकती पट्टी करून, दोन्ही रेषा सारख्या दिसतील तिथे प्रत्येकाला थांबायला सांगणार आहे. जाणकारांनी कृपया सांगावे : एकदा आखूड बाजूने आणि एकदा लांब बाजूने सुरुवात करून प्रत्येकाकडून किती वेळा मोजून घ्यावे? हात लावू न देणे पुरेसे आहे का? ‘सारखे आहे’ आणि ‘सारखे दिसते’ यांतला भेद मुलांना कोणत्या शब्दांत समजावावा, जेणेकरून हुशार मूल मला खूश करण्यासाठी खरे माप सांगणार नाही? आणि या आकृतीला कमी फसणारे मूल एबिंगहाउसच्या वर्तुळांनाही (भोवतीच्या लहान-मोठ्या वर्तुळांमुळे मधली सारखी वर्तुळे वेगळ्या आकाराची भासणारी आकृती) कमीच फसेल, असे गृहीत धरता येते का?

कोणी शाळेत असे मोजमाप केले असेल, तर त्यांनी मुलांना दिलेल्या सूचना शब्दशः लिहाव्यात, ही विनंती.