मदत हवी आहे: एच (etch) आणि एन्ग्रेव्ह (engrave) यात नेमका फरक काय? (तातडीचं)

हिंगणा_रोड (सकाळी ११:१०)
दोन्ही म्हणजे कोरणंच ना? डिक्शनरीत दोन्हीसमोर 'कोरणे' लिहिलंय. इतवारीत एकाला विचारलं, तो म्हणे "एकच आहे भाऊ, फक्त रेट वेगळा." एकच आहे तर रेट काहून वेगळा? ४ वाजेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नक्की माहीत असेल त्यानेच सांगा. गूगल करा म्हणू नका, करून झालं.

निवृत्त_इंग्रजी_सर (११:२४)
चांगला प्रश्न. एन्ग्रेव्हमधला ग्रेव्ह म्हणजे खणणे. थडग्याचा ग्रेव्ह त्याच घराण्यातला. एच हा शब्द डचांकडून आला, जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, आणि मुळाशी अर्थ आहे 'खायला लावणे'. इंग्रजीतला ईट त्याच कुळातला. म्हणजे एन्ग्रेव्ह झालं की धातू खणला जातो, एच झालं की तो खाल्ला जातो. मराठीने दोघांना एकाच शब्दात कोंबलं, डिक्शनरीचा दोष नाही.

सांबारवडी (११:२९)
सर, ग्रेव्ह म्हणजे गंभीर ना?

निवृत्त_इंग्रजी_सर (११:३३)
तो ग्रेव्ह लॅटिनचा, वजनदार या अर्थाचा. शेजारी राहतात, नातं नाही.

हिंगणा_रोड (११:४०)
सर, मला परीक्षा नाही द्यायची, कोटेशन द्यायचं आहे.

लेझरवाला_बुटीबोरी (११:४४)
मग आधी सांगा ना भाऊ! कशावर? काच, पितळ, स्टील, लाकूड? जाडी किती? किती नग? काही न सांगता ४ वाजता उत्तर पाहिजे.

आमच्या लाइनीत असं चालतं: लेझर एच म्हणजे वरचा थर वितळतो, खूण अगदी उथळ राहते. लेझर एन्ग्रेव्ह म्हणजे माल उडून जातो, बोट फिरवलं की खड्डा लागतो. लेझरने करा, ॲसिडच्या भानगडीत पडू नका.

चितारी (११:५८)
लेझरवाले भाऊ, तुमच्याकडे एच हा शब्द नुसता उसना आणलाय. खऱ्या एचिंगमध्ये ॲसिड लागतंच. आम्ही त्याला अम्लरेखन म्हणायचो. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. सुई फक्त मेण उघडते, रेघ ॲसिड खोदतं. जास्त वेळ ठेवला की रेघ खोल आणि छापावर काळी. एन्ग्रेव्हिंगमध्ये ब्युरिन नावाचं हत्यार तळहाताने ढकलून धातूची साल काढायची. मनगट चुकलं की पत्रा गेला. जर्मन चित्रकार ड्युररचं १५१४ चं 'मेलेन्कोलिया' हे एन्ग्रेव्हिंग पाहा, मग रेम्ब्रांटचं कोणतंही एचिंग पाहा. पहिल्यात रेघ शिस्तीत फुगते आणि निमुळती होते, दुसऱ्यात पेनने लिहिल्यासारखी मोकळी पळते. फरक डोळ्यालाच दिसतो.

सांबारवडी (१२:०६)
कोणी स्केच आणि ड्रॉ यातला फरक सांगेल का? मुलीला शाळेत विचारलाय.

ऑरेंज_सर्किट (१२:१५)
घरच्या घरी होतं! मी सर्किट बोर्डसाठी फेरिक क्लोराइड वापरतो. तांबं मस्त खाऊन टाकतं. प्लास्टिकच्या ट्रेमध्येच करा. एकदा स्टीलच्या परातीत केलं, परातीला भोकं पडली, बायको अजून विसरली नाही. काचेसाठी मात्र हायड्रोफ्लोरिक ॲसिड कोणी सांगितलं तर हात जोडा. ते कातडीतून आत जाऊन कॅल्शियम पकडतं, सुरुवातीला बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही.

हिंगणा_रोड (१२:३१)
बरं, ऐका. मशीनच्या नेमप्लेटा. स्टेनलेस स्टील (एसएस ३०४), ०.८ एमएम, १२० नग. ऑर्डरमध्ये लिहिलंय 'एच्ड अँड पेंट फिल्ड' (एच करून रंग भरलेलं), सोबतच्या ड्रॉइंगवर 'एन्ग्रेव्ह ०.३ डीप'. आता सांगा कोणतं धरू.

लेझरवाला_बुटीबोरी (१२:३५)
हे सकाळी सांगितलं असतं तर दीड तास वाचला असता!! ०.८ च्या पत्र्यात ०.३? फिरत्या कटरने केलं तर प्लेट वाकण्याची भीती, कडेला बर (धारदार कंगोरा) येईल तो वेगळा. लेझरनेही होतं, पण गरमीने स्टेनलेसचा वरचा संरक्षक थर बिघडतो, नंतर साफसफाई नीट झाली नाही तर अक्षरातून गंज येतो. माझा धंदा आहे तरी सांगतो.

चितारी (१२:४९)
ॲसिडने ०.३ होईल, पण ते खाली जातं तसं बाजूलाही खातं. बारीक अक्षरं जाड होतात, 'ए' आणि 'ई'चं पोट भरून जातं. छोट्या फाँटमध्ये सिरियल नंबर असेल तर नमुना काढल्याशिवाय हो म्हणू नका.

नगरधनकर (१:०५)
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कोरण्याची खरी परंपरा आपल्या भागात आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा पुण्यात सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला आहे, नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांची लिपी पेटिकाशीर्षक, म्हणजे अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी. वाकाटकांचे लेख आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींनी संपादित केले, तो खंड १९६३ चा. ताम्रपटाला शब्द 'उत्कीर्ण'. तोच वापरा की कोटेशनमध्ये.

हिंगणा_रोड (१:०९)
हाव, लिहितो 'उत्कीर्ण', आणि ऑर्डर जाते चाकणला.

महालातल्या_काकू (१:२०)
भांड्यांवर नाव घालतात ते यातलं कोणतं? माझ्या लग्नातल्या पितळी गुंडीवर नणंदेने तिचं नाव घालून घेतलंय. ते काढायचं आहे.

निवृत्त_इंग्रजी_सर (१:२६)
काकू, अर्थातच एन्ग्रेव्ह.

लेझरवाला_बुटीबोरी (१:३१)
नाही सर. ठिपक्या-ठिपक्यांचं नाव असतं ना, त्यात माल निघत नाही, नुसता दाबला जातो. खणलंही नाही, खाल्लंही नाही. काकू, बफिंग (मशीनवर घासून पॉलिश) करून वरचं जाईल, पण उन्हात धरलं की ताईंचं नाव दिसणारच.

निवृत्त_इंग्रजी_सर (१:३८)
बोलीभाषेत त्यालाही एन्ग्रेव्ह म्हणतात. भाषा कारखान्यात ठरत नाही.

लेझरवाला_बुटीबोरी (१:४०)
आणि रिजेक्शन शाळेत येत नाही, सर.

गांधीबाग_अकाउंट्स (१:५२)
अहो हिंगणा, ग्राहकाला एक फोन लावा ना. ऑर्डर आणि ड्रॉइंग जुळत नाही हे लेखी विचारायचं, उत्तर मेलवर घ्यायचं. मागे आमच्या ओळखीच्या एकाने अंदाजाने माल पाठवला, सगळा परत आला, जाण्यायेण्याचं भाडं त्याच्याच डोक्यावर.

हिंगणा_रोड (३:२५)
लावला फोन. ड्रॉइंग जुनं निघालं, तेव्हा प्लेट २ एमएम पितळेची होती. मटेरियल बदललं, नोट बदलायची राहिली. आता केमिकल एचिंगच पाहिजे, ०.१ खोली चालेल, रंग टिकला म्हणजे झालं. मेल मागितलाय. चितारी भाऊ, सिरियल नंबर २ एमएम उंचीचा आहे, भरेल का पोट?

चितारी (३:३३)
०.१ ला सहसा भरत नाही. तरी पाच प्लेटा आधी काढून पाहा.

सांबारवडी (३:४०)
स्केच आणि ड्रॉचं कोणीच सांगितलं नाही.

महालातल्या_काकू (३:५१)
गुंडीचं बफिंग इतवारीत कुठे करून मिळेल?