एचटीएमएल शिकण्यासाठी सोलापुरात क्लास लावावा, की घरीच सुरुवात करावी?

मागवाली:
नमस्कार. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेल आणि चादरींचा लहान कारखाना आहे. बाहेरगावचे व्यापारी व्हॉट्सॲपवर रोज तेच तेच दर विचारतात, म्हणून मापे, वजने आणि दर एका वेबपानावर मांडावेत असे मनात आहे. सात रस्त्याजवळच्या एका क्लासने तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. मला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, लॅपटॉप जुना आहे आणि नेटचा भरवसा नाही. काय करावे?

आडवी ओळ:
पैसे भरण्याआधी पंधरा दिवस घरी प्रयत्न करून पाहावा. एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नाही. मजकुरातले शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता आणि तक्ता कोणता, हे ब्राउझरला सांगणाऱ्या त्या खुणा आहेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये तिचे जे पहिले वर्णन मांडले, त्यात अशा जेमतेम १८ खुणा, म्हणजे टॅग होते, आणि तुमच्या दरपत्रकालाही त्याहून फारसे अधिक लागणार नाहीत. फाइल लॅपटॉपवरूनच ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे सरावाला नेट लागत नाही. नोटपॅड पुरेसे आहे. मात्र फाइल साठवताना 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडावे, नाहीतर नावापुढे गुपचूप टीएक्सटी चिकटते आणि पानाऐवजी नुसते टॅगच दिसत राहतात. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली होती.

रंगांच्या मागे लगेच लागू नये. आधी दरांचा तक्ता नीट उभा करावा, सजावटीसाठी सीएसएस नंतर शिकावे. मोझिलाचे एमडीएन हे विनामूल्य संकेतस्थळ इंग्रजीत असले, तरी तिथली उदाहरणे जागेवरच बदलून पाहता येतात.

जुना डीटीपीवाला:
वरील मताशी सहमत आहे. परंतु क्लास सरसकट नाकारू नये, कारण चूक दाखवणारे माणूस शेजारी असले की वेळ वाचतो. प्रवेशापूर्वी तिथल्या वहीत डोकावावे. त्यात आजही फॉन्ट, सेंटर आणि मार्की हे टॅग शिकवत असतील, तर खुशाल परत फिरावे. एचटीएमएल-५ या आवृत्तीची अधिकृत शिफारस २०१४ मध्ये आली, तेव्हाच हे टॅग बाद ठरले होते.

तुमच्या छापील दरपत्रकाची मूळ फाइल जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. तो मजकूर तसाच चिकटवला तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, रूपांतरित करावा किंवा सरळ पुन्हा टंकलिखित करावा, आणि ब्राउझरला ही अक्षरे नीट कळावीत म्हणून फाइलीच्या वरच्या हेड या भागात मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहावे. व्यापारी पान मोबाइलवरच पाहणार, म्हणून पानाची रुंदी पडद्याइतकी ठेवायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळही विसरू नये. ती नसेल तर सगळा तक्ता मुंगीएवढा दिसतो.

पूर्व भागातली:
आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड बोलणारी गिऱ्हाइके कमी नाहीत, त्यामुळे पुढेमागे त्या भाषांतील ओळीही येतीलच. फाइलीच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्माला मराठीसाठी 'एमआर' द्यावे आणि तेलुगू परिच्छेदाला 'टीई', कन्नडला 'केएन'. पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यावरूनच योग्य आवाज निवडते. चित्रांच्या फाइलींची नावे इंग्रजी लहान लिपीत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालतो, पण पाने नेटवर ठेवणाऱ्या बहुतेक सर्व्हरना चालत नाही, आणि घरी दिसणारे चित्र नेटवर गायब होते.

मागवाली:
सर्वांचे आभार. आठ रकान्यांचा तक्ता काल उभा राहिला. क्लासला तूर्त थांबा म्हणून कळवले आहे. एकच शंका उरली: चित्राच्या ऑल्टमध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायच्या वर्णनात, नुसते 'चादर' लिहिले तर चालेल का?

पूर्व भागातली:
दहा चादरींना दहा वेळा 'चादर' लिहिले, तर ऐकणाऱ्याने त्यातली निवडायची कोणती? 'मोराच्या नक्षीची लाल चादर, डबल बेड' असे लिहावे.