सुवार्ता सांगायला नेपाळला जायचंय, तयारी काय करू?

डोंगरगणकर:
सगळ्यांना सलाम. मी नगर जिल्ह्यातला, आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात आहे. दिवाळीनंतर आम्ही पाच-सहा जण तीन आठवड्यांसाठी पोखऱ्याला जायचं म्हणतोय, तिथल्या एका छोट्या चर्चनं बोलावलंय, मुलांना बायबल शिकवायचं आणि जमलं तर आजूबाजूच्या गावांत जाऊन संदेश द्यायचा असं चाललंय. काही जण म्हणतात पुस्तिका छापून बॅगा भरून न्यायच्या आणि बाजारात, बसस्टँडवर वाटायच्या. मला लहानपणापासून या सेवेची ओढ आहे पण नेपाळी एक अक्षर बोलता येत नाही आणि तिकडच्या कायद्याबद्दल काहीबाही कानावर आलंय. आई म्हणते परमुलखात अडकलास तर सोडवायला कोण येणार. कुणी गेलंय का तिकडे? भारतीयांना व्हिसा लागत नाही एवढंच माहितीये.

काळाकोट:
व्हिसा लागत नाही हे बरोबर. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारवर राहू नका. पण व्हिसा नको म्हणजे प्रचाराला मोकळं रान असं समजू नका हां. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ मध्ये आपापला धर्म पाळायचा हक्क आहे, पण त्याच कलमात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत कलम १५८ आहे, दुसऱ्याचं धर्मांतर केलं किंवा तसा प्रयत्न केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. बाजारात पुस्तिका वाटणं हा सरळ सरळ अंगावर केस ओढवून घ्यायचा प्रकार आहे, ते डोक्यातून काढून टाका.

फेवाकाठची:
मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं पोखऱ्यात होतो आणि तिथल्या मंडळीत मी मुलांना शिकवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वर दादांनी कायदा सांगितला तो खरा, पण मला त्याहून मोठी काळजी वेगळीच वाटते. तुम्ही तीन आठवड्यांनी गाडीत बसून परत याल, चौकशी होईल ती तिथल्या पाळकांची, त्यांच्या घरच्यांची, शेजारपाजारच्यांची. पोखऱ्याचं रामघाट चर्च १९५२ चं, नेपाळमधल्या अगदी पहिल्या मंडळ्यांपैकी, ते उभं केलं डेव्हिड मुखिया वगैरे नेपाळी बोलणाऱ्या विश्वासूंनी, गोऱ्या मिशनरींनी नव्हे. पुढे १९६० च्या सुमाराला लोकांना बाप्तिस्मा दिला म्हणून मुखिया पाळकांना तुरुंगात जावं लागलं. परदेशी मिशनरी तेव्हा काय करत होते तर दवाखाने चालवत होते. मसुरीच्या शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला नेपाळात गेले, तिथे औषधपाण्याचे हाल बघितले आणि त्यातूनच १९५४ ला युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं. प्रचार करायचा नाही ही सरकारची अट त्यांनी मान्य केली, तानसेनचं हॉस्पिटल त्यांचंच. म्हणजे वचन सांगितलं नेपाळ्यांनीच.

तर माझं म्हणणं, जा, जरूर जा, पण ज्यांनी बोलावलंय त्यांच्या हाताखाली जा. ते म्हणतील तिथंच बोलायचं, ते नको म्हणाले की नाही. गावोगाव जायचं ठरलंय ते कुणी ठरवलं, तुम्ही का त्यांनी, हे आधी फोन करून विचारा. उपासना तिकडे शनिवारी असते कारण सुट्टी शनिवारची. चपला दाराबाहेर, सगळे चटईवर, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, मादलवर (तिथली ढोलकी) ताल धरून भजनं चालतात आणि भेटलं की "जयमसीह". पहिल्या शनिवारी माझी तीन वाक्यांची साक्ष (आपल्या विश्वासाबद्दल चार शब्द) झाल्यावर एका आजीबाईंनी हात धरून शेजारी बसवून घेतलं आणि नेपाळी बायबल उघडून ओळीवर बोट ठेवलं, वाच म्हणून. लिपी आपलीच, अडखळत का होईना वाचता येतं. आतापासून रोज एक अध्याय मोठ्यानं वाचायला लागा, दिवाळीपर्यंत कान तयार होईल.

म्हार्दोळ:
मी ख्रिश्चन नाही, फोंड्याचा आहे. बोलू का न बोलू असं झालं होतं, पण तू मनापासून विचारलंयस म्हणून लिहितो. आमचा मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला हलवावा लागला, पोर्तुगीज देवळं पाडतील या भीतीनं. हे आमच्या घरात अजून सांगतात. नेपाळातल्या माणसाच्या मनातही बाहेरून धर्म सांगायला येणाऱ्याबद्दल धास्ती असणारच, तिचा राग मानू नकोस. आणि हेही सांगतो, त्याच गोव्यात १५७९ ला आलेले फादर स्टीफन्स इथली भाषा शिकले आणि ओवीछंदात ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला राशोलला छापलं. आम्ही शाळेत ते मराठीचं वैभव म्हणून शिकलो. आधी ऐकून घेणाऱ्या माणसाला लोक घरात घेतात.

जुनी_पेटी:
अरे तू नगरचा म्हणजे तुझ्या घराशेजारीच सगळं आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायचा हुकूम केला होता, कायद्याची अडचण त्यांनाही होतीच. हॉल मराठी शिकले, तेरा वर्षं राहिले आणि १८२६ ला नाशिककडच्या एका गावी पटकीनं गेले. मिशनरी सिंथिया फरार १८२७ ला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं शिक्षण त्यांच्याकडेच घेतलं, आणि बाई १८६२ ला नगरातच वारल्या. एवढं करूनसुद्धा आपल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्त ओळखीचा वाटायला लागला तो नारायण वामन टिळकांची अभंग-भजनं पेटी-तबल्यावर म्हटली जायला लागली तेव्हा. तेही नगरला राहिलेले, बाप्तिस्मा १८९५ चा. म्हणून फेवाकाठची ताईंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा, तीन आठवड्यांत तुम्ही काय संदेश देणार, मुलांना शिकवा, भजनं शिका, पाळकांना हातभार लावा. आणि पुस्तिकांच्या छपाईचा पैसा तिथल्या कुणा तरुणाच्या बायबल शिक्षणाला द्या ना.

डोंगरगणकर:
सगळ्यांचे आभार, म्हार्दोळ दादा तुमचे विशेष. काल पाळकसाहेबांसमोर हे सगळं वाचून दाखवलं आणि पोखऱ्याला फोन लावला. गावांत जायचं त्यांच्या मनातच नव्हतं, ते आमच्याच उत्साहात ठरलेलं. त्यांना हवंय ते मुलांच्या वर्गाला आणि वाद्यं वाजवायला कुणीतरी. पुस्तिका रद्द. ताई, नेपाळी बायबल मोबाईलवर उतरवून घेतलंय, त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करू का मार्काच्या?

फेवाकाठची:
मार्क. वाक्यं छोटी आहेत. आणि थंडीचे कपडे घे, संध्याकाळी चांगलाच गारठा असतो.