साध्या लेन्सने कीटकांची जवळून छायाचित्रे कशी काढावीत?

प्रश्न:
माझ्याकडे डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स एवढेच साहित्य आहे. फुलपाखरे बऱ्यापैकी टिपता येतात, पण मुंगी किंवा तुडतुडा चौकटीत ठिपक्याएवढा दिसतो आणि आणखी जवळ गेल्यास फोकसच होत नाही. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठी प्रतिमा टिपणारी खास लेन्स) तूर्तास आवाक्याबाहेर आहे. कोणता मार्ग निवडावा?

प्रतिसाद १:
एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी. ही केवळ पोकळ नळी असते. तिच्यामुळे लेन्स सेन्सरपासून (कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या भागापासून) दूर सरकते आणि अधिक जवळच्या वस्तूवर फोकस होऊ लागतो. नळीच्या लांबीला फोकल लेंथने (लेन्सच्या मिमीतील आकड्याने) भागले की आवर्धनात, म्हणजे वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरील प्रतिमेच्या आकारात, किती भर पडेल याचा अंदाज येतो. ५५ मिमीवर २५ मिमीची नळी लावल्यास ही भर सुमारे ०.४५ पट असते. १८ मिमीच्या टोकाला मात्र फोकस लेन्सच्या काचेला इतका लागून येतो की त्याचा उपयोग नाही. विद्युत संपर्क असलेलीच नळी घ्यावी, नाहीतर तुमच्या लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) कॅमेऱ्यातून बदलता येणार नाही.

प्रतिसाद २:
लेन्स उलटी बसवणारी रिव्हर्स रिंग याहून स्वस्त पडते, परंतु तिच्यासाठी ॲपर्चरची कडी (छिद्र हाताने लहान-मोठे करण्याची) असलेली जुनी ५० मिमी लेन्स मिळाली तरच तो खटाटोप करावा. उलट्या लेन्सची मागची काच उघडी राहते, तिला धूळ आणि ओरखड्यांपासून जपावे.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही उपाय योग्य आहेत, तरी माझ्या मते खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कीटकाची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी पडते तेव्हा एफ/८ वरही (ॲपर्चर बरेच लहान केले तरी) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, आणि सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशावर, घटलेला असतो. ॲपर्चर फारच लहान केले, तर विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे पुसट होतात. त्यामुळे ऑटोफोकस बंद ठेवून, फोकसची कडी न फिरवता, स्वतःच किंचित पुढे-मागे होत डोळे स्पष्ट दिसताच बटण दाबावे. शक्य तेथे कीटकाचे शरीर सेन्सरला समांतर येईल असा कोन निवडावा, म्हणजे त्या अरुंद पट्ट्यात त्याचा अधिक भाग बसतो. पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असल्याने जवळ जाणे सोपे जाते. त्यांना फ्रिजमध्ये ठेवून बधिर करण्याचा प्रकार मला तरी पटत नाही.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश चालेल का? इतक्या जवळ गेल्यावर लेन्सची सावली कीटकावर पडते.

प्रतिसाद ३:
चालेल. पांढरा जाड कागद फ्लॅशसमोरून लेन्सच्या टोकापर्यंत पुढे झुकेल असा बसवावा, म्हणजे प्रकाश वरून आणि पसरून येतो. कागद कीटकाच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका प्रकाश मऊ. भुंगेऱ्यांच्या चकचकीत पाठीवरचे पांढरे डागही त्यानेच सौम्य होतात.