घरातला पाण्याचा वापर कमी कसा करायचा? साधे उपाय सांगा

रिकामी_बादली:
आमच्या घरात चार माणसं, आणि गेले दोन महिने मीटरचं रिडींग बघून डोकं फिरलंय. मुलांच्या मागे लागून झालं, दात घासताना नळ बंद कर, शॉवरखाली गाणी म्हणत बसू नको वगैरे, पण रिडींग काही खाली येत नाही आणि मीच घरात व्हिलन झालोय. घर भाड्याचं आहे त्यामुळे तोडफोड, नवीन पाइप असलं काही करता येणार नाही. काहीतरी साधं सांगा.

खटपट्या:
मुलांना सोडा हो जरा, आधी गळती शोधा. रात्री टाकी पूर्ण भरू द्या, सगळे नळ बंद करा, मग मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कोणी उठायच्या आत परत बघा. आकडा पुढे गेला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बऱ्याच मीटरवर एक बारीकशी चक्री असते, सगळं बंद असताना ती फिरत असेल तर रात्रभर थांबायचीही गरज नाही, लगेच कळतं. नुसता टिपटिप गळणारा नळ सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला २० लिटर घालवतो, आणि त्याला बहुतेक वेळा फक्त वायसर बदलावा लागतो.

अर्धा_ग्लास:
+१. त्यातही फ्लशची टाकी पहिली बघा, कारण नळ गळला तर आवाज तरी येतो, फ्लश गुपचूप गळतो. टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, २० मिनिटं कोणालाही फ्लश करू देऊ नका (हेच सगळ्यात अवघड 😀) आणि मग कमोडमधे बघा. रंग उतरला असेल तर आतलं रबर गेलंय. अशी गळती दिवसाला शंभर-दोनशे लिटर सहज खाते.

जुनी मोठी टाकी असेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून, घट्ट बूच लावून आत उभी करा, म्हणजे दर फ्लशला तेवढं पाणी वाचतं. वीट टाकू नका, ती झिजून तिचा कचरा होतो आणि रबराखाली जाऊन बसतो, मग आधी नव्हती ती गळती सुरू! दोन बटणांचा नवीन फ्लश असेल तर मात्र बाटलीच्या नादी लागू नका, त्यात मुळातच पाणी कमी असतं, अजून कमी केलं तर दोनदा फ्लश करावा लागेल.

तोटी:
माझा अनुभव नळाच्या जाळीचा. १० लिटरची बादली नळाखाली लावून मोबाईलवर टायमर लावला तर ५० सेकंदात भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर! मग नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे हवा मिसळणारी जाळी, बसवला (हाताने फिरवून बसतो, घर सोडताना काढून नेता येतो), आता तीच बादली भरायला दोन मिनिटं लागतात. पाण्यात हवा मिसळते त्यामुळे धार कमी झाल्यासारखी वाटतच नाही. फक्त जिथे बादल्या भरता तिथे लावू नका, तेवढंच पाणी लागणार आणि नुसते उभे राहाल. बेसिन आणि सिंकला लावा.

शॉवरचंही असंच मोजा. मिनिटाला १० लिटर धरले तरी दहा मिनिटांत १०० लिटर गेले, आणि बादलीने अंघोळ २० लिटरमधे उरकते. मुलांना लेक्चर देण्यापेक्षा एकदा त्यांच्याच हातात टायमर द्या.

निवळ_पाणी:
आरओ आहे का घरात? एक लिटर पिण्याचं पाणी देताना तो साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ती नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला चालतं. कुंड्यांना रोज नको, त्यात क्षार जास्त असतात. गीझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार वाहून जातं ते मात्र बिनधास्त घाला झाडांना.

रिकामी_बादली:
सगळ्यांचे आभार. रंगाची टेस्ट केली, २० मिनिटं कशाला, पाचच मिनिटात कमोड लालभडक! धाकटा ओरडत आला, त्याला वाटलं काय झालं. रबर बदलायला घरमालकांना फोन केलाय. मुलांची माफी मागायची राहिलीय, आरओची नळी बादलीत सोडून झाली की मागतो.