मदत हवी आहे: गॅस न पेटवता संत्र्या-खोबऱ्याचे गोळे कसे जमवायचे?

नमस्कार मंडळी,

पुतणी चौथीत आहे. येत्या शनिवारी तिच्या शाळेत विना अग्नी पाककला स्पर्धा आहे आणि तिने ठरवूनच टाकलंय की संत्र्याचे नि खोबऱ्याचे एका घासाचे गोळे करायचे. भेळ, सँडविच, बिस्किटांचे थर हे दरवर्षी असतंच, त्यामुळे तिची निवड मला मनापासून आवडली. त्यातून माझं माहेर वरूडचं. बाबांनी आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी पाठवली आहे आणि घरभर वास सुटलाय. तो वास गोळ्यात उतरला पाहिजे, एवढीच पोरीची अट आहे.

शाळेचे नियम: गॅस, इंडक्शन, मिक्सर काही नाही. मुलांच्या हातात सुरी नाही. किसणी, चमचे, वाट्या चालतात. वर्गात काही मुलांना अ‍ॅलर्जी असल्याने काजू, बदाम, शेंगदाणे बंद. सगळं तिथेच तासाभरात करायचं. परीक्षक चाखायला येईपर्यंत आणखी दोन तास जातात आणि तोवर पदार्थ टेबलावरच, फ्रिज नाही.

घरी आम्ही ओला नारळ खोवून त्यात पिठीसाखर, दूध पावडर आणि संत्र्याचा रस घालून पाहतो आहोत. वळताना गोळा छान वळतो, पण ताटलीत ठेवला की हळूहळू खाली बसतो आणि बुडाशी पाणी दिसतं. दूध पावडर वाढवली तर टाळूला चिकटतो आणि संत्र्याची चव कुठल्या कुठे जाते. सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे कडवटपणा. सकाळी काढलेला रस गोड लागतो, त्याच रसाचे गोळे संध्याकाळी कडू लागतात. संत्री चांगली गोड आहेत, बिया आधी काढलेल्या असतात.

बाजारातलं ऑरेंज इसेन्स आणि केशरी रंग वापरायचा नाही. पेटीभर खरी संत्री घरात असताना बाटलीतला वास मुलीला कशाला शिकवायचा? कुणी असे गोळे करत असेल तर नीट सांगा. प्रमाणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

ताई, कडूपणाचं आधी सांगते. आम्ही नागपूरकडचे, रस काढून ठेवायचा नाही हे घरात लहानपणापासून ऐकलेलं, कारण मात्र पुढे फूड टेक्नॉलॉजी शिकताना कळलं. संत्र्याच्या फोडीवरच्या पापुद्र्यात, सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक द्रव्य असतं. फळ अखंड असेपर्यंत ते कडू नसतं. रस काढला की ते रसातल्या आंबटाशी मिसळतं आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कडू लागतं. म्हणून ताजा रस गोड आणि ठेवलेला कडू. बिया काढूनही पापुद्रे राहतातच, आणि फोडी जोरात पिळल्या की त्यातलं सगळं रसात उतरतं.

दुसरं म्हणजे, तुम्ही ज्या वासाबद्दल लिहिलंय तो रसात फारसा नसतोच. तो सालीत असतो. संत्रं सोलताना बोटांवर जो फवारा उडतो ते सालीतलं तेल, सगळा सुगंध त्यात. तेव्हा गोळ्यात रस घालूच नका. वरची केशरी साल किसून घाला, अगदी वरची. पांढरं लागलं की थांबायचं.

आपल्या संत्र्याची साल सुटी असते, किसताना दबते. फळ न सोलता तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग किसणीवर हलक्या हाताने फिरवा. एकाच जागी दोनदा घासायचं नाही. आधी कोमट पाण्यात मीठ घालून फळ चोळून धुवा आणि पूर्ण कोरडं करा.

प्रतिसाद २

मी मालवणचा. नारळाबद्दल लिहितो.

ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. नारळाच्या वड्या करताना आपण चव, म्हणजे खोवलेला नारळ, साखरेबरोबर कढईत परततो, मिश्रण कडा सोडायला लागलं की उतरवतो. तेवढ्या वेळात ते पाणी उडून जातं. तुमच्याकडे विस्तवच नाही, म्हणजे पाणी जायला वाटच नाही. वरून साखर घातली की ती खोबऱ्यातलं पाणी आणखी ओढून बाहेर काढते. गोळा बसतो तो त्यामुळे. शिवाय खोवलेला नारळ बिनफ्रिजचा तीन तास ठेवून मुलांना खायला द्यावा असं मला वाटत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचा चव दुपारी आंबूस येतो.

सुकं खोबरं किसून घालू नका. त्याचा वास उग्र असतो, संत्र्यावर बसतो. आणि एखादी वाटी जुनी निघाली तर साबणासारखी चव लागते, मग काही केल्या ती जात नाही.

डेसिकेटेड कोकोनट आणा. ते ओल्या खोबऱ्याची तपकिरी पाठ काढून, किसून वाळवलेलं असतं. पाणी नावापुरतं, वास सौम्य. बारीक मिळतं ते घ्या, जाड किसाचे गोळे मुलांच्या हाताने फुटतात. पुडा फोडल्यावर आधी चिमूटभर चावून बघा. खवट वाटलं तर परत करा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दादा, शिळ्या खोबऱ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो माझ्या लक्षातच आला नव्हता. ओला नारळ रद्द.

आता प्रश्न असा, की डेसिकेटेड कोकोनट कोरडं आणि रसही घालायचा नाही, मग गोळा बांधला कशाने जाणार? आणि थोडा आंबटपणा हवाच, नाहीतर नुसतंच गोड गोड होईल.

प्रतिसाद ३

काकू, कंडेन्स्ड मिल्क. आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला हे गोळे असतातच, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वाट्या बारीक डेसिकेटेड कोकोनट, अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क, दोन संत्र्यांची किसलेली साल, दोन चमचे दाणेदार साखर, दोन मोठे चमचे दूध पावडर, चिमूटभर मीठ. कोणतीही वाटी घ्या, फक्त एकच वाटी वापरा. मीठ टाळू नका, त्याने संत्रं वर येतं.

सुरुवात साखरेपासून. ताटलीत साखर आणि सालीचा कीस एकत्र करून पुतणीला बोटांच्या टोकांनी चोळायला सांगा. साखरेचे दाणे सालीला घासतात आणि तेल बाहेर येतं. दोनेक मिनिटांत साखर केशरी होते, मुठीत दाबली तर ओल्या वाळूसारखी बसते आणि टेबलाभर वास पसरतो. परीक्षक फिरत असतील तर हे त्यांच्या समोर करायला सांगा! पिठीसाखरेने हे होत नाही, तिच्यात घासायला दाणाच नसतो.

मग ही साखर कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवायची आणि त्यात एक लहान चमचा लिंबाचा रस. दूध फाटेल ही भीती नको. साध्या दुधात लिंबू पिळलं तर चोथापाणी वेगळं होतं, कंडेन्स्ड मिल्क मात्र इतकं गोड आणि आटलेलं असतं की ते नुसतं दाट होतं. इथे ते दाट होणं आपल्याला हवंच आहे. शेवटी दूध पावडर, मीठ आणि खोबरं.

कालवून झालं की दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं फार मोलाची. खोबरं त्यात ओलावा पिऊन घेतं, आधी भुसभुशीत वाटणारं मिश्रण आपोआप बांधलं जातं. घाई करून आणखी दूध ओतलं तर पुढे चिकटतं. दहा मिनिटांनीही फुटत असेल तरच चमचा चमचा वाढवा.

प्रतिसाद ४

कंडेन्स्ड मिल्कऐवजी खजूर चालेल का? आमच्याकडे एकाला दूध चालत नाही.

प्रतिसाद ३ (पुढे)

चालेल. मऊ बिनबियांचा खजूर हाताने कुस्करून घ्या, दूध पावडर वगळा, लिंबू निम्मं करा. रंग तपकिरी येतो आणि खजुराची चव संत्र्याच्या बरोबरीने लागते, तेव्हा साल तीन संत्र्यांची घ्या. घरच्यासाठी छान लागतात. स्पर्धेसाठी मात्र पांढऱ्यात केशरी ठिपके दिसणारेच करा असं माझं मत.

प्रतिसाद ५

लिंबाच्या रसाऐवजी ढोकळ्याला वापरतो ते लिंबूफूल अगदी चिमटीभर घातलं तर पाणी वाढत नाही. पण आधी साखरेत नीट मिसळा, नाहीतर एखाद्याच गोळ्यात सगळा आंबटपणा जाईल. लहान मुलं करणार असतील तर मला लिंबाचा रसच सोपा वाटतो.

धागाकर्ती

आज संध्याकाळी पुतणीकडून करून घेतले. गोळे बसले नाहीत, पाणी नाही, कडूपणा नाही. साखर चोळताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. आजीने एक तोंडात टाकला आणि विचारलं, संत्र्याची फोड घातलीस का गं आत? घरातल्या सगळ्यांना हेच वाटलं.

अर्धे मुद्दाम टेबलावर ठेवलेत, तीन तासांनी पुन्हा चाखणार आहे.

एकच अडचण राहिली. शेवटचे काही गोळे वळताना तिच्या हाताला तेल लागायला लागलं आणि ते गोळे चमकदार, जडसर झाले. आधीचे हलके होते.

प्रतिसाद २ (पुढे)

हाताच्या उबेने होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि मुलांचे हात गरम असतात. गोळा तळव्यात फिरवत बसायचं नाही. चमच्याने सारखा भाग घ्या, मुठीत एकदा दाबा, दोन-तीनदा फिरवा, सोडा. मध्ये एकदा गार पाण्याने हात धुऊन अगदी कोरडे पुसायला सांगा. मिश्रण कालवतानाही कणकेसारखं मळायचं नाही.

प्रतिसाद १ (पुढे)

आणि साल घरून किसून नेऊ नका, किसून ठेवली की तिचा वास उडत जातो. संत्री धुऊन, पुसून, गार करून कापडात गुंडाळून न्या आणि तिथेच किसा. घोळवायला थोडं कोरडं खोबरं वेगळ्या डबीत ठेवा. ते परीक्षक यायच्या जरा आधी लावलं तर गोळे पांढरेशुभ्र दिसतात.

धागाकर्ती

तीन तास झाले. चव तीच आहे, उलट संत्रं जरा जास्तच मुरलंय. साल तिथेच किसू, तशी किसणी पिशवीत भरली. पुतणीला जोर न लावता किसायचा सराव उद्या एका संत्र्यावर देते, बोटं सांभाळायला हवीत. चौथीची मुलं किसणी कशी धरतात, त्याबद्दल कुणाला काही सुचवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत नक्की लिहा.

प्रतिसाद ३ (पुढे)

किसणी उभी धरू देऊ नका. ताटात आडवी टेकवून एक टोक तुमच्याकडे घट्ट धरा, संत्रं तिने अख्ख्या तळव्यात धरायचं आणि एकाच दिशेने, तिच्याकडून पुढे सरकवायचं. फळ अखंड असल्याने बोटं पात्यापासून लांबच राहतात. शनिवारी धरायला तुम्ही नसाल तर ताटाखाली ओलं फडकं ठेवायला शिकवा, ताट सरकत नाही.